कापूस आहे तोवर गाऊन घ्या

पिंगळीत शांतता मिळत नाही, असं कुणी म्हणू नये. मिळते, फक्त तिचं वेळापत्रक रेल्वेच्या हातात असतं. परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन आमचं. देवगिरी, तपोवन, सचखंड या मोठ्या गाड्या इथं थांबत नाहीत, आणि थांबायचं नसल्यामुळे भोंगा मात्र भरपूर वाजवतात. एक्स्प्रेस गेली की मालगाडी येते. मालगाडी गेली की पिठाची गिरणी सुरू होते. गिरणी बंद झाली की कुणाचा तरी ट्रॅक्टर टपावरच्या स्पीकरसकट निघतो, आणि तो लांब गेला की मग कुत्र्यांच्या लक्षात येतं की आपण अजून काहीच बोललो नाही. अशा गावात आमच्या पुतण्यानं राहत्या घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला.

त्याआधी तो पुण्यात एका स्टुडिओत होता. होता म्हणजे वायरी गुंडाळायला होता. तिथलं खोलीभाडं आणि तिथला पगार यांचा सूर काही जुळेना, तेव्हा परत आला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बाहेरच्यांनी आमच्या जिल्ह्याला चिकटवली. आम्ही तिचा परतीचं तिकीट म्हणून उपयोग करतो.

येताना त्याच्याकडे एक टॅबलेट होता, कोपऱ्यात काच तडकलेला. दुसरा घरातच निघाला. धाकट्या बहिणीला ‘महाज्योती’कडून नीटच्या तयारीसाठी मिळालेला. परीक्षा झाली, ती नर्सिंगला नांदेडला गेली, टॅबलेट मागं राहिला. आता एकात ढोलकी-तबल्याचे आवाज भरलेले असतात आणि दुसऱ्यावर रेकॉर्डिंग होतं. ‘स्टुडिओ म्हणल्यावर कॉम्प्युटर नको का रे?’ असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘काका, लाइट गेली की कॉम्प्युटर मरतो, टॅब चालू राहतो.’ पिंगळीत या युक्तिवादावर कुणी बोलू शकत नाही.

घरच्यांची समजूत काढायला त्यानं जगातली उदाहरणं आणली होती. गोरिलाझ नावाच्या इंग्लंडच्या बँडनं २०१० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ‘द फॉल’ हा अल्बम जवळजवळ सगळा आयपॅडवर केला. बिली आयलिश नावाच्या पोरीनं भावाबरोबर त्याच्या झोपायच्या खोलीत अल्बम केला आणि २०२० मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. हे घर लॉस एंजेलिसला. आता त्याच लॉस एंजेलिसला सोनीचा तो अवाढव्य स्कोरिंग स्टेज, जिथं अजय-अतुल यांनी ‘सैराट’चा वाद्यवृंद रेकॉर्ड केला. म्हणजे एकाच शहरात एकाला हॉल पुरत नाही आणि दुसऱ्याचं पलंगावर भागतं. आमच्या मायनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘झोपायच्या खोलीत गाणं केलं, मग झोपत कुठं व्हते?’

खोलीचा प्रश्न तिनं बरोबर पकडला होता. आमचं घर पुढून स्लॅबचं आणि मागून माळवदाचं. पुढच्या खोल्यांत टाळी वाजवली तर ती भिंतीभिंतीला आपटून परत येते. मागं दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर तुळया, किलचन आणि पांढऱ्या मातीचा थर. आवाज अडवायला वजन लागतं, आणि आमच्या पणजोबांनी भिंतीत वजनाची कसर ठेवलेली नाही. पुण्यामुंबईच्या स्टुडिओवाल्यांना जे पैसे ओतून उभं करावं लागतं, ते आमच्याकडे ‘जुनं झालंय, पाडू एकदा’ म्हणून वर्षानुवर्षं उभं आहे.

पण बाहेरचा आवाज अडवणं वेगळं आणि आतला घुमू न देणं वेगळं. त्यासाठी पुतण्यानं आधी अंड्यांचे ट्रे जमवले. हा एक जगभरचा गैरसमज आहे. पातळ पुठ्ठा आवाज अडवतही नाही आणि धड पितही नाही. तो फक्त भिंत स्टुडिओसारखी दाखवतो. शिवाय आमच्या घरात माळकरी मंडळी. अंडं आलेलं नसताना त्याचं वेष्टन भिंतीवर बघून माय दोन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही. मग वाकळा लावल्या. त्यांनी काम बऱ्यापैकी केलं, पण थंडी पडली की वाकळा अंगावर जायच्या. परभणीच्या थंडीचे आकडे कृषी विद्यापीठातून निघतात आणि सगळ्या महाराष्ट्राच्या पेपरात छापून येतात. तो आकडा आला की आमच्या भिंती उघड्या पडायच्या.

खरा उपाय दिवाळीनंतर आपोआप चालत आला. कापूस.

मराठवाड्यात कापूस घरात का राहतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वेचणी झाली, भाव पडलेला, म्हणून ‘थांबू जरा, वाढंल’ असं म्हणत तो मागच्या खोलीत टाकायचा. आमच्या दादानं टाकला. छातीपर्यंत ढीग लागला. पुतण्यानं सहज त्या खोलीत जाऊन टाळी वाजवली. टाळीचा आवाज हातातून निघाला आणि तिथंच संपला. कापसाच्या तंतूंत शिरलेली हवा घासून घासून दमते आणि आवाजाची चिमूटभर उष्णता होते. काचेची लोकर याच तत्त्वावर चालते. ढीग जितका जाड तितका तो खालचा खर्जही गिळतो. चार फुटांचा थर म्हणजे स्टुडिओच्या भाषेत ‘बास ट्रॅप’, आणि तोही हमीभावाच्या प्रतीक्षेत उभा असलेला.

तेव्हापासून आमच्या स्टुडिओचा दर्जा बाजारावर ठरतो. भाव पडलेला असला की आवाज उत्तम येतो. वाढला की कापूस जातो आणि खोली घुमायला लागते. त्याची जुनी रेकॉर्डिंगं ऐकून मी आता सांगू शकतो, हे गाणं कापूस विकायच्या आधीचं की नंतरचं. तोटा एकच. कापसाच्या खोलीत अर्धा तास बसलं की अंग खाजतं. आमच्याकडे गाणारे आलाप घेताना हात हलवतात, त्यातला भाव किती आणि खाज किती, हे मायक्रोफोनला दिसत नाही हे बरं.

आता ट्रिगर, म्हणजे ज्यावर ठोका मारला की साठवलेला आवाज निघतो ते. लग्नातल्या बँजो पार्टीत पोरगं उभं राहून रबरी चौकोनांवर काठ्या मारतं आणि त्यातून ढोल, ताशा, काचा फुटल्याचा आवाज, काहीही निघतं, ते ऑक्टापॅड सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रोलँडनं ते १९८५ मध्ये बाजारात आणलं. आजही नवीन घ्यायचं तर दादाला कित्येक क्विंटल कापूस त्याच्या नावानं काढून ठेवावा लागेल. त्यामुळे घरीच करायचं ठरलं. घरी करण्याला परंपरा मोठी आहे. जर्मनीच्या क्राफ्टवेर्कनं सत्तरच्या दशकात स्वतः जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर धातूच्याच काड्या मारून ताल काढला होता. आमच्याकडे धातू म्हणजे डबा.

ट्रिगरचा जीव असतो एक पितळी चकती, मधे पांढरा लेप दिलेली. आकार दहाच्या नाण्याएवढा, अगदी २७ मिलिमीटर. फरक इतकाच की दहाचं नाणं परभणीत कुणी घ्यायला तयार नसतं आणि या चकतीला मात्र दुकानदार रोख दहा-वीस रुपये घेतो. तिच्यावर ठोका पडला की ती वीज देते. क्युरी बंधूंनी, पिएर आणि जॅक यांनी, १८८० मध्ये स्फटिकांवर दाब देऊन हे दाखवलं. पुढे पिएरचं लग्न झालं, रेडियम निघालं आणि हा शोध घरच्याघरी मागं पडला. पण स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर चालतो तो याच शोधावर: आतला खटका खड्यावर आपटतो आणि ठिणगी पडते. पुतण्यानं हे त्याच्या आईला मोठ्या उत्साहानं समजावलं. त्यानंतर आठवड्याभरात लायटर सापडेना, तेव्हा वहिनींनी शोधाशोध न करता थेट स्टुडिओची झडती घेतली. लायटरमधला खडा या कामाचा नसतो, त्याचा विजेचा तडाखा हजारो व्होल्टचा, तो या नाजूक सर्किटला कसा चालेल, असं तो परोपरीनं सांगत होता. लायटर शेवटी पिठाच्या डब्यात निघाला. झडती मात्र तेव्हापासून नियमित होते.

डबा घ्यायचा, त्याच्या झाकणाला आतून चकती चिकटवायची, वरून ट्रॅक्टरच्या ट्यूबचा गोल तुकडा, खाली जुन्या चपलेचा तळ. चकतीला काविया लावून दोन तारा जोडायच्या. तो काविया जरा जास्त टेकला की पांढरा लेप करपतो, म्हणून पुतण्या श्वास रोखून डाग द्यायचा आणि त्याच वेळी माय मागून म्हणायची, ‘जेवायलास का?’ तारांमधे एक मेगाओमचा रेझिस्टर, जोराच्या ठोक्यानं बोर्ड जळू नये म्हणून झेनर डायोड, मग बोटाएवढा आर्डुइनो प्रो मायक्रो आणि तिथून ओटीजी केबल टॅबलेटला. एवढ्यावर चाललं. खरंच चाललं. स्टीलच्या झाकणावर बोट आपटलं आणि टॅबलेटमधून हलगी बोलली, तेव्हा दादासुद्धा कापसाचा भाव बघायचं थांबवून आत आला.

झाकणं अर्थातच लग्नातल्या आहेराच्या डब्यांची होती, त्यामुळे प्रत्येकावर नाव कोरलेलं. स्नेअरच्या जागी जे झाकण होतं त्यावर वहिनींच्या भावाचं नाव, गाव आणि ‘सप्रेम भेट’. पोरगं त्यावर काठी मारायला लागलं की वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या. ‘मामाच्या नावावर काठ्या हाणतूस? दुसरं झाकण न्हाई का घरात?’ दुसरं होतं, पण त्यावर दादाच्या आत्याचं नाव. आत्याला चालेल, असं वहिनींचं मत पडलं. दादाचं पडलं नाही. शेवटी कोरलेली बाजू आत घेऊन मामा आणि आत्या दोघांनाही चपलेच्या तळाशी तोंड करून बसवलं. घरात शांतता नांदली, तेवढीच.

मग उशिराचा प्रश्न आला. ठोका आत्ता मारला आणि आवाज मागाहून आला तर वाजवणारा वेडा होतो. याला लेटन्सी म्हणतात. दहा मिलिसेकंदांपर्यंत माणसाला सहसा काही कळत नाही. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटर जातो, म्हणजे भजनात समोरच्या रांगेतला टाळकरी जितका लांब बसतो तितकाच. पुतण्यानं सुरुवातीला ब्लूटूथचा स्पीकर जोडला होता. तो सहज दोनशे मिलिसेकंद खातो. हिशेब मांडला तर ढोलकी घरात आणि ऐकणारा सत्तर मीटरवर मारुतीच्या पारावर. स्पीकर काढून वायरचा हेडफोन लावला तेव्हा ढोलकी घरी परतली. यावरून एक हिशेब मी स्वतःही केला: विसाव्या अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, आणि मे महिन्यात ४२ अंशांना तो ३५६ च्या आसपास जातो. मे महिन्यात पिंगळीत ज्याचा वेग वाढतो अशी मला माहीत असलेली ही एकच गोष्ट.

पण खरी गंमत चकतीच्या स्वभावात आहे. तिला हात कळत नाही, हादरा कळतो. कुणाचा, हे ती विचारत नाही. वहिनी पलीकडे खलबत्त्यात लसूण-मिरची कुटायला बसल्या की फरशीतून हादरा यायचा आणि इकडे हलगी सुरू. पुतण्या आधी चिडला. मग त्यानं टॅबलेटवर मोजलं, तर वहिनींची लय मिनिटाला शहाण्णववर जी लागली ती ठेचा होईपर्यंत ढळली नाही. क्लिक लावूनही त्याच्या हाताला ते साधत नव्हतं. त्यानं ते कुटणं तसंच धरून एका हळदीच्या गाण्याखाली घातलं. गाणं लोकांना आवडलं. वहिनींना मानधन मिळालेलं नाही.

मालगाडीचं प्रकरण एवढं गोड नव्हतं. ती गावाजवळून जायला लागली की कुणी हात न लावता खर्जाचा डबा धुम्म धुम्म करायला लागतो. उपाय सोपा दिसतो: इतक्या जोराखालचा ठोका ऐकायचाच नाही, अशी मर्यादा घालून द्यायची. १९८३ मध्ये मिडी नावाची जी वाद्यांची भाषा ठरली, तिच्यात ठोक्याच्या जोराला शून्य ते एकशे सत्तावीस एवढेच आकडे आहेत. आता कुठं कात्री लावायची? गोंधळमहर्षी राजारामबापू कदम आमच्या परभणीचे. ज्या मुलखात माणसं संबळ ऐकत वाढली, तिथं ठोक्याचं वजन नुसतं मोठं आणि छोटं एवढंच असतं असं कुणी मानत नाही; न वाजवल्यासारखं वाजवणं हीच तर कारागिरी. मर्यादा वर नेली की ही कारागिरी गेली, खाली आणली की मालगाडी भजनाला बसली. आमच्या पखवाजवाल्या आबांच्या करंगळीचा जोर आणि मालगाडीचा जोर नेमके एकाच आकड्यावर येऊन बसले होते.

आबांना स्टुडिओत आणावं लागलं त्याला कारण दादा. फेब्रुवारीत भाव थोडा वर सरकला आणि व्यापाऱ्याचा टेम्पो उद्या सकाळी येणार असं ठरलं. शिवरात्रीच्या सप्ताहाआधी आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं राहिलं होतं. पुतण्या काकुळतीला आला. ‘पप्पा, दोनच दिवस थांबा.’ दादा म्हणाला, ‘दोन दिवसांत भाव पडला तर काय तुजं गाणं विकू?’ तेव्हा रात्रीच बसायचं ठरलं. कापूस आहे तोवर गाऊन घ्या, असा निरोप गावात फिरला.

मी पेटीवर. मायक्रोफोन एकच, आणि खरा पखवाज त्या खोलीत वाजला तर माईकला दुसरं काही ऐकूच जात नाही. म्हणून आबांनी डबे वाजवायचे, आवाज टॅबलेटमधून फक्त कानात येणार. आबांचं वय सत्तरीच्या पुढं. कापसात मांडी घालून बसले, हेडफोन टोपीवरूनच चढवला, दोन्ही झाकणं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, ‘ह्याला चढवायचं कुठून?’ पुतण्यानं टॅबलेटवर बोट सरकवून स्वर चढवून दाखवला. आबांनी मान हलवली. हातोडी लागत नाही हे त्यांना फारसं पटलं नाही.

वाजवायला लागले तर डाव्या डब्याचं जुनं दुखणं वर आलं. एक थाप मारली की दोन वाजायच्या. ठोका पडल्यावर पातळ पत्रा काही वेळ थरथरत राहतो आणि चकती त्या थरथरीलाही नवा ठोका समजते. पुतण्या कितीतरी दिवस यावर प्रोग्रॅममधे उपाय शोधत होता: पहिल्या ठोक्यानंतर इतके मिलिसेकंद कान बंद ठेव, असं बोर्डाला सांगायचं. कान जास्त वेळ बंद ठेवले की आबांचे जलद बोल गायब, कमी ठेवले की थाप जुळी. प्रोग्रॅम बदलायला तो पुन्हा लॅपटॉप मागायला कुणाकडे तरी निघाला होता.

आबा म्हणाले, ‘कणीक कुठाय?’

पुतण्याला वाटलं, भूक लागली असावी.

‘लेका, धुमेला कणीक लावली न्हाईस आन् धूम बोलत न्हाई म्हणतूस? कामून बोलंल?’

वहिनींनी आतून गोळा आणला. आबांनी तो तळहातावर घेतला, पाण्याचं बोट लावून मऊ केला आणि मामाच्या नावाच्या बरोब्बर मागच्या बाजूला, ट्यूबच्या मध्यावर, पुरीएवढा थापला. अंगठ्यानं कडा दाबल्या. मग थाप मारली. एक मारली, एकच वाजली. पुन्हा मारली. एकच. पुतण्या टॅबलेटवरची रेघ बघत होता: ठोक्याला उंच उठून लगेच सपाट. पत्र्यावर ओलं वजन बसलं, थरथर मेली. एवढंच ते शास्त्र. पखवाजाला कणीक शेकडो वर्षं लागते आहे, आणि मिडीला ती लागणार हे १९८३ च्या समितीला कुणी सांगितलं नव्हतं. थरथर मेल्यावर बोर्डाचे कान बंद ठेवायची गरज राहिली नाही. मर्यादाही खाली आणता आली. करंगळी ऐकू आली. मालगाडीही आली, पण ती येण्याच्या वेळा पुतण्यानं स्टेशनवर विचारून ठेवल्या होत्या, तेवढ्यात आम्ही चहा घेतला.

पहाटेपर्यंत अभंग झाले. एकाच्या शेवटाला तुळईवरची पाल चुकचुकली, ती तशीच ठेवली आहे. मायच्या मते पालीनं खरं म्हटल्यावर पुन्हा गायची गरज नसते. सकाळी टेम्पो आला. कापूस भरताना दादानं ढिगात हरवलेली माझी चष्म्याची डबी आणि कुणाचा तरी टाळ बाहेर काढून दिला.

आता खोली मोकळी आहे आणि भयंकर घुमते. वाकळा परत भिंतीवर गेल्यात. कणीक मात्र कायमची झाली. उन्हाळ्यात ती अर्ध्या तासात वाळून तडकते, म्हणजे दर गाण्याला नवा गोळा. काढलेला गोळा म्हशीला जातो, आणि म्हशीला हे इतकं पाठ झालंय की गाणं संपत आलं की ती दावणीवरून आवाज देते. शेवटच्या तिहाईच्या आधी माईक बंद करावा लागतो. वहिनींचा हिशेब निराळा. संध्याकाळी परातीत पीठ घेतलं की पाणी ओतायच्या आधी त्या मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडतात, ‘आज नुसतं जेवणाचंच भिजवू, का गाणीबी हायत?’